गळतीची वही

बीड शहराच्या दक्षिणेला, सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, खजिना विहीर आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधून घेतली; स्थापत्यकार म्हणून राजा भास्कर याचे नाव सांगितले जाते. सगळा खजिना तिच्या बांधकामात खर्ची पडला म्हणून हे नाव, असे लोक म्हणतात. पायऱ्या उतरून खाली गेले की पाण्याच्याही आधी नजर जाते ती दगडी भिंतीतल्या भुयारांच्या तोंडांकडे. भुयारातून पाणी आत येते, भुयारातूनच बाहेर पडते, आणि मधल्या गोल विहिरीत ते आपली पातळी धरून राहते. ना मोट, ना इंजिन. पाणी कोठे साठवायचे, कोणत्या वाटेने न्यायचे, केव्हा सोडायचे आणि नको तेव्हा ते फिरणार नाही याची तजवीज कशी करायची, या चार प्रश्नांचे दगडात लिहिलेले उत्तर म्हणजे ही विहीर. दुष्काळाशी जन्माची ओळख असलेल्या या जिल्ह्यात हे प्रश्न कोणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. म्हणूनच ज्या विषयावर आपल्याकडे सहसा आवाज खाली आणून बोलतात, त्याचा मागोवा या विहिरीच्या काठावरून सुरू करावासा वाटला. गेली पन्नास वर्षे शल्यचिकित्सक आणि अभियंते हेच चार प्रश्न एका फार लहान जलयंत्राला विचारत आले आहेत. ते यंत्र म्हणजे लैंगिक ताठरता गमावलेल्या पुरुषाच्या शरीरात बसवायचे, पाण्याने भरणारे शिश्नरोपण. डॉक्टरांच्या बोलण्यात ते 'इन्फ्लेटेबल इम्प्लांट' असते.

ते एकदा जवळून पाहू. मुंबईत एका मूत्ररोगतज्ज्ञांच्या टेबलावर त्याचा नमुना मला हातात घेता आला. दोन लांबट मऊ नळकांडी, त्यांना जोडलेल्या पारदर्शक बारीक नळ्या, बोराएवढा एक फुगीर पंप आणि एक चपटी पिशवी, एवढाच सगळा संसार. पिशवीत मावणारे मिठाचे निर्जंतुक पाणी साधारण ६५ ते १०० मिलिलिटर, म्हणजे हॉटेलातल्या कटिंग चहाइतके. शस्त्रक्रियेत पिशवी ओटीपोटाच्या स्नायूंमागे ठेवतात, पंप अंडकोशाच्या त्वचेखाली राहतो आणि नळकांडी शिश्नातल्या दोन स्पंजासारख्या पोकळ्यांमध्ये बसतात. निसर्गाने या पोकळ्या रक्ताने भरण्यासाठी केलेल्या आहेत. तो प्रवाह आटला की तेथे पाणी आणायचे, अशी ही योजना. पंप काही वेळा दाबला की नळकांडी भरत जातात आणि ताठ होतात. पंपावरची कळ दाबली की पाणी मुकाट पिशवीत परतते. बाहेरून काही दिसत नाही. हे यंत्र इच्छा वाढवत नाही, लांबीही वाढवत नाही. एकदा बसवले की आतला स्पंज पूर्वीसारखा राहत नाही, म्हणून गोळ्या, इंजेक्शने, बाहेरून लावायचा निर्वात पंप हे सगळे करून झाल्यावरच त्याच्याकडे वळायचे असते. जुना मधुमेह, पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, पाठीच्या कण्याला झालेली इजा, अशा कारणांनी इतर उपाय थकलेल्या माणसांसाठी ते आहे. त्याची कुळकथा लावताना एक गोष्ट मला पदोपदी दिसत राहिली. यातली जवळजवळ प्रत्येक सुधारणा एखाद्या बिघाडातून आली. आणि तो बिघाड कोणीतरी बोलून दाखवला, कोणीतरी लिहून ठेवला, म्हणून आली.

आता आपण बरेच मागे जाऊ. वात्स्यायनाच्या कामसूत्राच्या सातव्या, म्हणजे औपनिषदिक अधिकरणात 'अपद्रव्य' नावाच्या कृत्रिम साधनांची चर्चा आहे. सोने, चांदी, तांबे, लोखंड, हस्तिदंत, शिंग अशा पदार्थांची ती असत. तेथे एक छोटासा मतभेदही नोंदवला आहे. बाभ्रव्याच्या परंपरेचे आचार्य कथील आणि शिसे यांची बाजू घेतात, कारण ती मऊ आणि थंड. वात्स्यायन लाकडाचीही मुभा देतो आणि ज्याला जे मानवेल ते त्याने घ्यावे असे सुचवतो. कठीण पदार्थ की मऊ, आणि माप कोणाच्या अंगाचे, हा वाद पुढे सिलिकॉनच्या काळातही संपणार नव्हता. वैद्यांची वाट निराळी होती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात क्लैब्याचे चार प्रकार सांगितले आहेत: बीजोपघातामुळे, ध्वजभंगामुळे, जरेमुळे आणि शुक्रक्षयामुळे येणारे. 'ध्वजभंग' हा शब्द आपल्या वैद्यकात तेव्हापासून आहे. दोष मनाचा, वयाचा की अवयवाचा, हे वेगळे करून पाहण्याची दृष्टी या वर्गीकरणात आहे, आणि ती मोलाची आहे. उपचार मात्र वाजीकरणाचे: दूध, तूप, उडीद, खाजकुयलीचे बी. पुढे शतकानुशतके हीच द्रव्ये राजवैद्यांपासून जत्रेतल्या तंबूवाल्या वैदूपर्यंत उतरत आली. औषधाचा गुण आला की त्याचा गाजावाजा होई. गुण आला नाही तर रोगी गप्प बसे. न आलेल्या गुणाची वही कोणी ठेवली नाही.

युरोपात या अवयवाचे कोडे उलगडण्याची सुरुवात वेगळ्या ठिकाणी झाली. शिश्न वाऱ्याने फुगते असा तेथे जुना समज होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिओनार्दो दा विंची याने फाशी दिलेल्यांच्या प्रेतांवरून ओळखले की आत वारा नसून रक्त असते. सोळाव्या शतकात आंब्रुआझ पारे हा फ्रेंच लष्करी शल्यचिकित्सक लढाईत हातपाय गमावलेल्या शिपायांसाठी कृत्रिम अवयव घडवत होता. ज्यांचे शिश्न कापले गेले होते त्यांना उभ्याने लघवी करता यावी म्हणून त्याने लाकडी नळीची कल्पना मांडली. या घराण्याचा मूळपुरुष म्हणून वैद्यकाचे इतिहासकार बहुधा याच नळीकडे बोट दाखवतात. मग १६६८ साली रेइनियर दे ग्राफ या डच शरीरशास्त्रज्ञाने प्रेताच्या रोहिणीत पाणी भरून ताठरता घडवून दाखवली. हा प्रयोग म्हणजे आपल्या कथेतले पहिले खरे वळण. पाणी, दाब आणि बंद पोकळी एवढ्यावर हे काम चालते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. तरीही त्या ज्ञानातून यंत्र घडायला आणखी तीन शतके जावी लागली, कारण शरीराच्या आत वर्षानुवर्षे मुकाट राहील असा पदार्थच माणसाजवळ नव्हता.

विसाव्या शतकात पहिले पाऊल टाकले ते रशियातल्या रोस्तोव्ह शहरातल्या निकोलाय बोगोराझ यांनी. १९२० साली ट्रॅमच्या अपघातात त्यांचे दोन्ही पाय गेले होते. कृत्रिम पायांवर उभे राहून ते पुन्हा शस्त्रक्रिया करू लागले, आणि १९३६ साली त्यांनी पोटाच्या त्वचेतून शिश्न घडवून त्याला ताठपणा देण्यासाठी आत रुग्णाच्याच बरगडीची कूर्चा घातल्याचे प्रसिद्ध केले. स्वतःचे अंग तुटलेल्या माणसाने दुसऱ्याचे अंग घडवावे, ही गोष्ट वाचताना मी बराच वेळ थांबलो होतो. महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना या मार्गाचा आधार मिळाला. पण कूर्चा कालांतराने वाकत असे, झिजत असे, शरीर तिला विरघळवून टाकत असे. हे अपयश शल्यचिकित्सकांनी दडवले नाही. त्यांनी ते निबंधांत मांडले, आणि म्हणूनच पुढचा माणूस बरगडी सोडून दुसरा पदार्थ शोधू लागला.

नेमक्या याच वर्षांत महाराष्ट्रात आणखी एक वही उघडलेली होती. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. त्यात वाचकांचे प्रश्न छापून येत आणि कर्वे त्यांना शास्त्राच्या आधारे, आडपडदा न ठेवता उत्तरे देत. लाज वाटते म्हणून घरात, मित्रात, वैद्यापुढेही जे बोलता येत नाही ते निनावी पत्रात लिहिण्याची सोय मराठी माणसाला प्रथम येथे मिळाली. याच उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ सालच्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर कोणी प्रश्न विचारला आणि त्याला ज्ञानाने उत्तर दिले तर ते अश्लील कसे, हा आंबेडकरांचा मुद्दा न्यायालयाला पटला नाही. कर्व्यांना दंड झाला. मला हा खटला रोपणाच्या इतिहासाबाहेरचा वाटत नाही. जेथे तक्रार छापणे हाच गुन्हा ठरतो तेथे तक्रारीवरचा इलाज कसा घडावा? स्वातंत्र्यानंतर १९५४ साली जादूई उपायांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा झाला. कामशक्ती वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना त्याने मनाई केली, तरी रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर चुन्याने लिहिलेले 'गुप्तरोग' दिसत राहिले. या शब्दातले 'गुप्त' हेच त्या धंद्याचे भांडवल होते.

पुन्हा यंत्राकडे येऊ. १९५२ साली अमेरिकेत गुडविन आणि स्कॉट या शल्यचिकित्सकांनी ॲक्रिलिकच्या कांड्या वापरून पाहिल्या. १९६४ साली लॅश यांनी सिलिकॉन आणले. तोवर कांडी त्वचेखाली, पोकळ्यांच्या बाहेर ठेवली जाई. ती सरके, टोचे, क्वचित त्वचा फाडून बाहेरही येई. कैरोचे बेहेरी यांनी जागाच बदलली. दोन पोकळ्या आतून रुंद करून त्यांनी प्रत्येकीत पॉलिथिलीनची एकेक कांडी बसवली, आणि १९६६ साली सुमारे सातशे रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पोकळीभोवतीचे चिवट वेष्टन हेच कांडीचे म्यान झाले. आजचे प्रत्येक रोपण, मग ते कितीही महाग असो, बेहेरींनी दाखवलेल्या जागीच बसते. त्यांचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. एक उणीव त्यांच्या कांडीतही राहिली. ती चोवीस तास ताठच असे. धोतरात, पँटमध्ये, चारचौघांत उठताबसताना माणसाला ती लपवत फिरावे लागे.

ही उणीव भरून काढणारी झडप आली ती अगदी अनपेक्षित घरातून. १९५५ साली अमेरिकेत जॉन होल्टर नावाच्या कारागिराला मुलगा झाला. होल्टर कुलपांच्या कारखान्यात काम करी. मुलाच्या डोक्यात पाणी साठत होते आणि ते काढून टाकणाऱ्या नळीला, रक्त उलटे चढू नये म्हणून, एकाच दिशेने उघडणारी झडप हवी होती. डॉक्टरांकडून अडचण समजून घेऊन होल्टर घरी गेला आणि खटपट करून त्याने सिलिकॉनची बारीक झडप बनवली. १९५६ पासून ती मुलांच्या शरीरात बसवली जाऊ लागली. शरीराच्या आत, वर्षानुवर्षे, द्रव एका बाजूला जाऊ द्यायचा आणि दुसऱ्या बाजूला अडवायचा, हे सिलिकॉनला जमते असे या बापाने जगाला दाखवून दिले. विहिरीवरच्या मोटारीला फूटव्हॉल्व्ह नसेल तर काय होते हे आपल्याकडचा शेतकरी जाणतो. चढवलेले पाणी रात्रीत उतरून जाते आणि सकाळी पाइपात पुन्हा पाणी भरत बसावे लागते. होल्टरची झडप म्हणजे माणसाच्या शरीरातला पहिला भरवशाचा फूटव्हॉल्व्ह.

आता आपण १९७३ सालाशी येऊन पोहोचतो. टेक्सासातल्या ह्यूस्टन येथील मूत्ररोगतज्ज्ञ ब्रँटली स्कॉट, मिनेसोटाचे मज्जारोगतज्ज्ञ विल्यम ब्रॅडली आणि अभियंता जेराल्ड टिम हे तिघे आधी लघवीवर ताबा नसलेल्या रुग्णांसाठी पाण्याने आवळणारी कृत्रिम झडप करत होते. तीच विद्या त्यांनी इकडे वळवली आणि त्या वर्षी पाण्याने भरणाऱ्या शिश्नरोपणाचा पहिला निबंध प्रसिद्ध केला. डेक्रॉनच्या धाग्याने मजबूत केलेली सिलिकॉनची दोन नळकांडी, एक टाकी आणि दोन वेगळे पंप, एक भरायला व दुसरा रिकामे करायला, अशी ती मूळ रचना होती. शतकांच्या प्रवासात प्रथमच एका साधनाला विश्रांतीची अवस्था मिळाली. हवे तेव्हा ताठ, एरवी मऊ. लवकरच दोन पंपांचा एक झाला. योगायोग असा की याच दशकात आपल्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. आशियातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून त्याची ओळख सांगितली जाते. आधुनिक वैद्यक बीड जिल्ह्याच्या दाराशी आले त्याच सुमारास हे यंत्र जगाच्या दुसऱ्या टोकाला जन्मत होते.

जन्मले खरे, पण ते गळत होते. नळकांड्यांना बारीक चिरा पडत, नळ्यांना पीळ बसे, जोड सुटत, कुठे सिलिकॉन एका बाजूला फुगवटा धरी. पुष्कळांना दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागले. म्हणून १९७५ साली मायामीच्या स्मॉल आणि कॅरियन यांनी पुन्हा साध्या, न फुगणाऱ्या सिलिकॉन कांड्यांची जोडी पुढे आणली, तेव्हा अनेक शल्यचिकित्सकांना ती अधिक भरवशाची वाटली. १९८०च्या सुमारास जर्मनीच्या उडो योनास यांनी कांडीच्या गाभ्यात चांदीच्या तारा घातल्या, म्हणजे ती वाकवली की वाकलेली राही. अपद्रव्यातली चांदी अशी नव्या रूपात परत आली. पाण्याच्या यंत्राचे समर्थक मात्र मागे हटले नाहीत. काढून आणलेले प्रत्येक निकामी रोपण ते तपासत गेले, कोठे फाटले, कोठे घासले याची नोंद करत गेले. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात सहजी पीळ न बसणाऱ्या नळ्या आल्या आणि घासणाऱ्या जागी निसरडे आवरण आले. १९८३ साली मेंटर कंपनीने सिलिकॉनऐवजी अधिक चिवट पॉलियुरेथेनची नळकांडी आणली. १९८७ साली अमेरिकन मेडिकल सिस्टिम्स या कंपनीने सिलिकॉनच्या दोन थरांमध्ये विणलेल्या कापडाचा थर घातला. सायकलच्या ट्यूबवर टायर चढवले की ती जशी एका बाजूला फुगत नाही, तसाच हा उपाय.

जोडांचा प्रश्न उरला होता. पाटाचे पाणी फुटते ते बहुधा वळणावर, आणि पाइपलाइन गळते ती सांध्यावर. १९८९ साली मेंटरने पंप आणि नळकांडी कारखान्यातच जोडून द्यायला सुरुवात केली, म्हणजे शस्त्रक्रियेच्या टेबलावर लावायचे सांधे कमी झाले. तरीही त्या यंत्रांतली काही गळत राहिली. नोंदी चाळल्यावर दिसले की गळती एका ठराविक ठिकाणी, नळी पंपाला मिळते त्या ताणाच्या जागीच होते. १९९२ साली तेवढीच जागा मजबूत केली गेली. परिणाम पाहा: पाच वर्षे बिनबिघाड चालणाऱ्या यंत्रांचे प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांवरून ९३ टक्क्यांच्या आसपास गेले. नवा शोध नाही, नवा पदार्थ नाही. वहीत एकाच जागी पुन्हा पुन्हा पडलेली खूण कोणीतरी वाचली, एवढेच. या सगळ्या प्रवासात मला हा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या परिषदेत तज्ज्ञांनी 'इम्पोटन्स' हा शब्द टाकून 'इरेक्टाइल डिसफंक्शन', म्हणजे ताठरतेतील बिघाड, हा शब्द सुचवला. आपल्याकडे 'नपुंसक' हा व्याकरणातल्या लिंगाचा शब्द माणसाला शिवी म्हणून चिकटला आहे. 'बिघाड' म्हटले की दुरुस्तीचा विचार सुरू होतो; 'नपुंसक' म्हटले की माणूसच निकालात निघतो.

याच काळात दुसरीकडून एक लाट येत होती. १९८० च्या दशकारंभी फ्रान्सचे व्हिराग आणि ब्रिटनचे ब्रिंडली यांनी थेट शिश्नात द्यायच्या इंजेक्शनांचा मार्ग दाखवला, आणि २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत व्हायग्राला परवानगी मिळाली. आता रोपण संपले, असे अनेकांना वाटले. घडले ते वेगळे. गोळीमुळे माणसे प्रथमच डॉक्टरांसमोर बोलू लागली, आणि ज्यांना गोळी लागू पडली नाही असा मोठा वर्ग उजेडात आला. त्यांच्या तक्रारींनी पुढची सुधारणा घडवली. पहिली तक्रार होती आपोआप भरण्याची: खोकताना, ओझे उचलताना पोटाचा दाब टाकीवर येई आणि पाणी नको तेव्हा नळकांड्यांत शिरे. २००० साली मेंटरने टाकीच्या मानेत अडवणारी झडप बसवली. दुसरी तक्रार जंतुसंसर्गाची. जंतू परक्या पदार्थावर शेवाळासारखा थर धरतात आणि मग संपूर्ण यंत्रच काढावे लागते. मधुमेहींना ही भीती विशेष. २००१ साली अमेरिकन मेडिकल सिस्टिम्सने रोपणाच्या पृष्ठभागात रिफाम्पिसिन आणि मिनोसायक्लिन ही प्रतिजैविके मुरवली. रिफाम्पिसिन म्हणजे टीबीची तीच गोळी, जिने लघवी तांबूस होते आणि जी आपल्या प्रत्येक तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात मिळते. पुढच्याच वर्षी मेंटरने शस्त्रक्रियेच्या वेळी हव्या त्या प्रतिजैविकात बुडवून घेता येईल असे पाणी शोषणारे आवरण आणले. जंतुसंसर्गाचे प्रमाण ठळकपणे उतरले. तिसरी तक्रार बोटांची होती. मधुमेहाने बधिर झालेल्या, सांधे धरलेल्या म्हाताऱ्या बोटांना पाणी परत सोडण्यासाठी पंप फार वेळ दाबून धरावा लागे. २००६ साली काही क्षण दाबून सोडला की पुरे असा पंप आला. आज अशी रोपणे दहा वर्षांनंतरही चारांपैकी सुमारे तिघांत चालू असतात, आणि वीस वर्षांनी निम्म्याहून किंचित जास्त.

या प्रवासाला एक मुंबईची शाखा आहे आणि तिच्याबद्दल मला मनापासून अभिमान वाटतो. पाण्याचे तीन भागांचे यंत्र आजही आपल्याकडे काही लाखांच्या घरात जाते. ते कोणाला परवडणार? मुंबईचे पुरुषरोगतज्ज्ञ डॉ. रूपिन शाह यांनी सिलिकॉनच्या कांड्यांचे एक स्वस्त, देशी रोपण घडवले. त्याला सांध्यासारखा लवचिक भाग दिला, म्हणजे कपड्यांत ते खाली वळवता यावे. वर काढता येतील अशी आवरणे दिली, म्हणजे एकाच कांडीची जाडी रुग्णाच्या मापाप्रमाणे कमीजास्त करता यावी. उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरच्या कारखान्यात ते तयार होते. त्यात पाणी नाही, पंप नाही, म्हणून गळतीही नाही. ज्याला जे मानवेल ते, ही वात्स्यायनाची सूचना येथे एका काढत्या आवरणात उतरलेली दिसते. त्याच मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग चालवला, आणि डॉ. विठ्ठल प्रभू यांच्या 'निरामय कामजीवन'ने मराठी घरांत हा विषय सभ्य भाषेत पोहोचवला. कर्व्यांची वही अशी दुसऱ्या हातांनी पुढे लिहिली गेली.

आणि मग २०१७ साली ही वही बीड जिल्ह्यात उघडली. माजलगावच्या पोलीस ठाण्यातल्या, महिला शिपाई म्हणून भरती झालेल्या एका व्यक्तीने आपल्या वरिष्ठांकडे लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजेचा अर्ज केला. अर्ज नाकारला गेला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत आणि तेथून प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे गेले. अखेर परवानगी मिळाली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात पहिल्या टप्प्याची शस्त्रक्रिया झाली. आपण पाहिलेल्या जलयंत्राशी या शस्त्रक्रियेचा संबंध जोडायचे कारण नाही. वैद्यकाच्या वंशवृक्षात ती बोगोराझ यांच्या फांदीवरची गोष्ट आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो अर्ज. आपल्या शरीराबद्दल जे वाटते ते सरकारी कागदावर, आवक क्रमांकासह, स्वतःच्या सहीने लिहिणे. ज्या जिल्ह्यात 'गुप्त' या शब्दावर भिंतीच्या भिंती रंगल्या, तेथल्या एका शिपायाने तो शब्दच रद्द केला.

पुढचा रस्ता कोठे जाणार याची चाहूल लागते आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात निकेल-टायटॅनियमच्या, मूळ आकार लक्षात ठेवणाऱ्या मिश्रधातूवर काम झाले आहे. बोटाने दाबायचा पंपच नको, विजेवर चालणारा हवा, असेही प्रयत्न आहेत. पण शेवटी मला डोळ्यांसमोर दिसते ते कोणतेही यंत्र नव्हे. तालुक्याच्या एखाद्या दवाखान्यात मधुमेहाच्या तपासणीला आलेला साठीतला शेतकरी दिसतो. साखर लिहून झाली, पायाची जखम पाहून झाली, गोळ्यांची चिठ्ठी हातात आली. तो उठतो, दारापर्यंत जातो, आणि पत्नी बाहेर बाकावर बसली आहे हे पाहून परत वळतो. "डॉक्टरसाहेब, आणखी एक इचारायचं व्हतं." समोरचा तरुण डॉक्टर घड्याळाकडे पाहत नाही. "बसा की काका," असे म्हणून तो केसपेपर पुन्हा उघडतो आणि विचारतो, "किती दिवसांपासून?" काका सांगतात. कदाचित गोळीने भागेल, कदाचित ती लागू पडणार नाही, आणि रोपणापर्यंत तर हजारात एखादाच पोहोचेल. पण साखरेच्या आकड्याखाली आता एक ओळ वाढली आहे, तारीख घालून, बिघाड कधीपासून आणि कसा, हे सांगणारी. दे ग्राफचे पाणी, होल्टरची झडप, कर्व्यांचे पत्र आणि नळीची ती एक मजबूत केलेली जागा, हे सगळे अशाच ओळींतून चालत आपल्यापर्यंत आले.